उबुंटूवर ‘डिपेन्डन्सी प्रॉब्लेम’ आला, आता फॉरमॅट मारू का?

फॉरमॅट अजिबात मारू नका.

तुम्ही लिहिलंय की उबुंटू २२.०४ या लिनक्स सिस्टिमवर एक डेब फाइल (प्रोग्रामचं इन्स्टॉल करायचं पॅकेज) डीपीकेजी या कमांडने टाकली, ‘लिबक्यूटी५एसव्हीजी५ नाही’, म्हणजे तिला लागणारी एक लायब्ररी नाही, म्हणून ती अर्ध्यावर अडकली आणि तेव्हापासून दुसरं काहीच इन्स्टॉल होत नाहीये. तुमची सिस्टिम बिघडलेली नाही. डीपीकेजी हातात दिलेली फाइल तेवढी बसवतं. तिला लागणारी बाकीची पॅकेजेस शोधून आणणं हे एपीटी या दुसऱ्या कमांडचं काम.

टर्मिनलमध्ये आधी सुडो एपीटी अपडेट चालवा. मग सुडो एपीटी, पुढे दोन डॅश जोडून फिक्स-ब्रोकन, आणि शेवटी इन्स्टॉल. वाय दाबायच्या आधी एपीटी काय म्हणतोय ते नीट वाचा. नवीन पॅकेजेस आणतो म्हणाला तर खुशाल हो म्हणा. तुमचाच प्रोग्राम काढून टाकतो म्हणाला, तर हवं ते पॅकेज त्याला सापडलेलं नाही. अशा वेळी युनिव्हर्स रिपॉझिटरी (उबुंटूच्या ऑनलाइन पॅकेज-साठ्याचा एक भाग) चालू आहे का बघा. तुमची अडलेली क्यूटीची लायब्ररी तिथेच असते. पुढच्या वेळी डेब फाइल थेट एपीटी इन्स्टॉलनेच टाका, फक्त नावाआधी टिंब आणि स्लॅश द्या. नाहीतर तो ते नाव रिपॉझिटरीत शोधत बसतो.

एक मात्र कळकळीने सांगतो: अडलेली पॅकेजेस कुठूनही एकेक डाउनलोड करून जबरदस्तीने बसवू नका. नागपुरात बर्डीवरच्या आमच्या क्लासमध्ये एका मुलाने मे महिन्यात हेच केलं. २२.०४ मध्ये जी-लिबसी (जवळपास प्रत्येक प्रोग्रामला लागणारी मूळ लायब्ररी) २.३५ असते, त्याने तिच्या जागी जुन्या उबुंटू २०.०४ ची २.३१ बसवली. त्यानंतर फाइलींची यादी दाखवणारं साधं एलएससुद्धा चालेना, प्रत्येक कमांडला ‘व्हर्जन नॉट फाउंड’. लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरूनच उबुंटू सुरू करता येतं) त्याच्या प्रोजेक्टच्या फाइली बाहेर काढेपर्यंत संध्याकाळ झाली. पोरगं रडकुंडीला आलं होतं.

लिबएसएसएल१.१ (ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन सॉफ्टवेअरची जुनी लायब्ररी) मागणारा जुना प्रोग्राम असेल, तर २२.०४ वर शोधाशोध करू नका. तिथे ओपनएसएसएल ३ आहे, ती जुनी लायब्ररी रिपॉझिटरीत नाहीच. त्या प्रोग्रामची नवी आवृत्ती किंवा फ्लॅटपॅक (लागणाऱ्या लायब्ररी वेगळ्या सोबत आणणारं पॅकेज) बघा.

एवढं करूनही अडलं, तर ‘डिपेन्ड्स ऑन’ असलेल्या ओळी जशाच्या तशा खाली टाका. रात्री क्लास सुटल्यावर बघतो.