थीम नंतर निवडा, आधी डोमेन कुणाच्या नावावर होणार ते विचारा

तुमची पोस्ट वाचली. भरतकामाच्या छोट्या व्यवसायासाठी ब्लॉग करायचाय, एजन्सीने तीन डिझाइनं दाखवलीत आणि त्यातलं कुठलं सुटसुटीत वाटतं, असं तुम्ही विचारलंय. शेवटी जाता जाता एक वाक्य आहे: "डोमेन, होस्टिंग सगळं तेच बघणार आहेत, मला काही करावं लागणार नाही." रंग आणि फॉन्टबद्दल वर इतरांनी छान लिहिलंय. मला त्या शेवटच्या वाक्याबद्दल बोलायचंय, कारण माझ्याशीही नेमकं हेच ठरलं होतं. (डोमेन म्हणजे ब्लॉगचा इंटरनेटवरचा पत्ता, होस्टिंग म्हणजे त्याच्या फायली ठेवायची जागा.) डिझाइनवर नंतर येतेच.

मी हाताने शिवलेल्या वह्या बनवते. वर्डप्रेस (ब्लॉग चालवायचं सॉफ्टवेअर) कसं बसवायचं, थीम (दिसण्याचा तयार साचा) कशी बदलायची यात शिरत नाही, ते तुम्हाला येतंय असं पोस्टवरून दिसतंय.

माझा ब्लॉग एका एजन्सीने केला होता. नाव घेत नाही. काम देखणं होतं, माणसं गोड बोलायची, वर्षाचं एकच बिल यायचं. डोमेन मात्र त्यांनी स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या नावाने आणि स्वतःचा ईमेल देऊन घेतलं होतं. करारात "डोमेन समाविष्ट" एवढंच लिहिलेलं. पुढे त्यांच्याकडची माणसं बदलली, फोन उचलेनासे झाले, मेलला "तिकीट नोंदवले आहे" असं ठरावीक उत्तर यायला लागलं. आणि एक दिवस माझ्या पत्त्यावर वह्यांच्या जागी जाहिरातींचं पान उघडलं. डोमेनची मुदत संपली होती. मुदत संपण्यापूर्वी रजिस्ट्रारने (डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपनीने) खातेदाराला स्मरणपत्रं पाठवायची असतात, साधारण महिनाभर आधी एक आणि आठवडाभर आधी एक. ती एजन्सीच्या मेलबॉक्समध्ये गेली असणार. माझ्यापर्यंत एकही आलं नाही.

मग रजिस्ट्रारच्या मदत विभागाशी चर्चा सुरू झाली. माझ्याकडे काय नव्हतं! बिलं होती, पैसे भरल्याच्या नोंदी होत्या, माझ्या व्यवसायाचं नाव आणि डोमेनचं नाव एकच होतं. त्यांचं एकच पालुपद: नोंदीतला ईमेल तुमचा नाही, आम्ही फक्त खातेदाराशी बोलू शकतो. नियमाने ते बरोबर होते, हेच जास्त लागलं. इकडे एजन्सी तिकिटाचा नंबर देत राहिली.

या सगळ्यात वेळ कसा निसटतो ते सांगते. डॉट कॉम, डॉट नेट अशा नावांची मुदत संपली की रजिस्ट्रार आधी थोडी सवलत देतो. ती किती द्यायची हे त्याच्या धोरणावर असतं, जास्तीत जास्त ४५ दिवस. त्यानंतर ३० दिवसांचा असा काळ येतो, ज्यात नाव सोडवता येतं पण जादा दंड भरून, आणि तेही मूळ खातेदारालाच. मग ५ दिवस नाव गोठलेलं राहतं. त्यानंतर ते मोकळं होतं, कुणीही घ्यावं. माझं तिसऱ्याच कुणी घेतलं आणि मला विकायला काढलं. मागितलेली रक्कम माझ्या आवाक्यातली नव्हती. (देशांच्या स्वतःच्या डोमेनांना वेगळे नियम असतात, तुमचं तसं असेल तर ते बघून घ्या. मी कायद्यातली जाणकारही नाही. हे सगळं सोसून शिकलेलं आहे.)

तो पत्ता माझ्या प्रत्येक वहीच्या शेवटच्या पानावर छापलेला होता. लोक आजही त्या वह्या वापरतात. त्यातलं कुणी पत्ता टाकून बघितलं तर काय दिसेल, यावर माझा काहीही ताबा नाही.

याहून धोक्याची गोष्ट मला उशिरा कळली. माझा व्यवसायाचा ईमेल त्याच डोमेनवर होता. डोमेन ज्याच्या हातात, त्या पत्त्यावर येणारी टपालही त्याच्याच हातात. म्हणजे जिथे जिथे तो ईमेल देऊन खातं उघडलं होतं, तिथला पासवर्ड बदलण्याचा दुवा नव्या मालकाला मिळू शकतो. एकेक खातं आठवून ईमेल बदलत बसावं लागलं. तेव्हा डोमेनच्या खात्याला त्याच डोमेनवरचा ईमेल कधीही देऊ नका. वेगळा, तुमचा स्वतःचा, रोज उघडला जाणारा द्या आणि त्यावर दुहेरी पडताळणी लावा.

तर एजन्सीला हो म्हणण्याआधी एवढं लेखी मागा. डोमेन तुमच्या नावाने, तुम्ही उघडलेल्या खात्यात, तुमच्या ईमेलवर हवं. त्यांना काम करायला लागेल तेवढा प्रवेश द्या, खातं देऊ नका. वर्डप्रेसमध्ये अ‍ॅडमिन तुम्ही हव्यात, 'संपादक' पदावर समाधान मानू नका. होस्टिंग एजन्सीचं असलं तर चालेल एक वेळ, ते बदलता येतं. पण बॅकअप तुमच्याकडे यायला हवा, फायली आणि डेटाबेस दोन्ही. आणि संबंध संपले तर डोमेन हलवण्याचा कोड किती दिवसांत देणार, तेही लिहून घ्या. डोमेन तुमच्या नावावर असेल तर आयकॅनच्या (डोमेनांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या) नियमानुसार तुम्ही मागितल्यावर रजिस्ट्रारने तो ५ दिवसांत द्यायचा असतो. सगळा मुद्दा त्या "तुमच्या नावावर" या शब्दांत आहे. "आमच्या खात्यात असलं तर रिन्यू करायला सोपं जातं" असं ते म्हणतील. सोपं जातं ते त्यांना. तुम्ही स्वतः आपोआप रिन्यूची सोय चालू करा आणि कार्डाची मुदत कधी संपते ते कॅलेंडरवर टाकून ठेवा.

कुणीतरी वर लिहिलंय की ब्लॉग हवाच कशाला, सोशल मीडियावर पान आहे तेवढं पुरे. माझं मत अगदी उलट आहे. गूगल प्लस या गूगलच्या सोशल मीडियावरची सर्वसामान्यांची खाती २०१९ च्या एप्रिलमध्ये बंद झाली. त्याच वर्षी मायस्पेस या जुन्या सोशल साइटने कबूल केलं की सर्व्हर हलवताना लोकांनी वर्षानुवर्षं चढवलेली जुनी गाणी, फोटो, व्हिडिओ गेले. ज्यांचं काम तेवढ्याच ठिकाणी होतं, त्यांचं ते गेलं. सोशल मीडिया वापरा, मीही वापरते, पण मूळ प्रत आपल्या पत्त्यावर असू द्या.

आता डिझाइन. सुटसुटीत ब्लॉगची माझी कसोटी दिसण्याच्या आधीची आहे: उद्या थीम बदलली, तर तुमचा मजकूर आणि फोटो धड राहतील का? एजन्सीने माझी पानं एका पेज बिल्डरमध्ये बांधली होती, म्हणजे पानांची मांडणी करणाऱ्या, वर्डप्रेसला वरून जोडलेल्या प्लगिनमध्ये. तो प्लगिन बंद केल्याबरोबर प्रत्येक लेखात चौकटी कंसातल्या कोडचा पसारा उरला आणि त्यात अधूनमधून माझी वाक्यं. गोंदाने चिकटवलेली वही उघडून सपाट केली की पानं हातात येतात, शिवलेलीची येत नाहीत, तसंच हे. म्हणून लेख वर्डप्रेसच्या मूळ एडिटरमध्येच लिहा: मथळा, परिच्छेद, फोटो, फोटोखाली ओळ. एवढ्यात सगळं मावतं.

त्याचीच दुसरी बाजू म्हणजे चित्रातला मजकूर. तुमच्या तीन नमुन्यांपैकी दुसऱ्यात मथळे सुंदर वळणदार आहेत, पण ते चित्र करून बसवलेले दिसतात. असं करू नका. शोधात ते सापडत नाहीत, फोनवर बारीक होतात, स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याला कळत नाहीत, कॉपी होत नाहीत. जुन्या, युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर तुमच्याकडे असेल तर तोही आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. तुमच्या संगणकावर तो नीट दिसेल, वाचणाऱ्याला मात्र निरर्थक अक्षरं दिसतील.

देवनागरीसाठी बहुतेक तयार थीमा जशाच्या तशा चालत नाहीत. मात्रा, वेलांट्या, रफार वर आणि उकार खाली, त्यामुळे दोन ओळींत जास्त जागा लागते. मी ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या १.७ पट ठेवते. अक्षरांमधलं अंतर वाढवण्याची सेटिंग शून्यावर आणा, नाहीतर शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटलेला दिसतो. इंग्रजीसाठी केलेल्या थीमांमध्ये मथळ्यांना हे अंतर हमखास दिलेलं असतं. दोन्ही कडा सरळ करणारी मांडणी टाळा, मराठीतल्या लांब शब्दांमुळे मधे भोकं पडतात. फॉन्ट 'मुक्त' (Mukta) किंवा 'नोटो सान्स देवनागरी' घ्या, दोन्ही मोफत मिळतात आणि वाचायला चांगले आहेत. फिकट करड्या अक्षरांचा मोह सोडा. मजकूर आणि पार्श्वभूमी यांतला फरक किमान ४.५ ला १ असावा असं वेब सुलभतेचे निकष सांगतात, तो तपासायची मोफत साधनं आहेत.

फोटोंवर मात्र वेळ घालवा, कारण तुमचं दुकान तेच आहे. सगळ्यात जास्त तक्रार येते रंगाची: "फोटोत मरून होता, हातात तपकिरी आला." पुष्कळदा कॅमेऱ्यात किंवा संपादनात रंगांचं प्रोफाइल वेगळं असतं आणि फाइल छोटी करताना ते पुसलं जातं, मग ब्राउझर रंग चुकीचा वाचतो. फोटो बाहेर काढताना एसआरजीबी (sRGB) या वेबवर चालणाऱ्या प्रोफाइलमध्येच काढा. रुंदी १६०० पिक्सेल पुरते, फाइल शक्यतो ३०० केबीच्या आत. वर्डप्रेस २०१५ च्या ४.४ आवृत्तीपासून स्क्रीनप्रमाणे योग्य आकाराची प्रत स्वतःच पाठवतं, त्यासाठी वेगळा प्लगिन विकत घेऊ नका. मूळ फोटो आपल्याकडे वेगळे जपून ठेवा. माझा बुडालेला मजकूर मी वेबॅक मशीनवरून (जुन्या वेबपानांच्या प्रती जपणारी साइट) बराचसा परत मिळवला, पण फोटो बरेचसे नव्हतेच आणि जे होते ते छोटे.

भरतकामाला आणखी एक सांगते, थोडं विषयांतर आहे. पूर्ण नगाचा एक फोटो, टाका दिसेल इतका जवळचा एक आणि कापडाच्या मागच्या बाजूचा एक. मागची बाजू लोक दाखवत नाहीत. गाठी आणि धाग्यांचे प्रवास तिथे दिसतात आणि हाताचं काम ओळखणारं गिऱ्हाईक तेच शोधत असतं. मी वह्यांची उघडी शिवण दाखवायला लागले तेव्हापासून चौकशीची भाषाच बदलली. "कमी होईल का" विचारणारे कमी झाले आणि "कुठला दोरा वापरता" विचारणारे वाढले.

मुखपृष्ठावर स्लायडर (एकामागून एक सरकणारी चित्रं) नको. दुसरं, तिसरं चित्र येईपर्यंत कुणी थांबत नाही आणि पान उगाच जड होतं. एक चांगला फोटो, तुम्ही काय बनवता ते सांगणारं एक वाक्य, खाली ताजे लेख. मेनूत चारच गोष्टी: काम, लेख, माझ्याविषयी, संपर्क. साइडबार (बाजूची पट्टी) काढून टाका. आल्याआल्या ईमेल मागणारा पॉपअप तर अजिबात नको. वाचणारा वैतागतो आणि फोनवर मजकूर झाकणाऱ्या अशा पानांना गूगल जानेवारी २०१७ पासून खाली ढकलू शकतं. लेखाच्या शेवटी वाचणाऱ्याने करायची एकच गोष्ट सांगा. ऑर्डर कशी द्यायची, किंवा पत्र कुठे लिहायचं. पाच बटणं दिली की एकही दाबलं जात नाही, हा निदान माझा अनुभव.

पर्मालिंकची, म्हणजे प्रत्येक लेखाच्या कायमच्या पत्त्याची, सेटिंग पहिल्या दिवशीच ठरवा. मराठी शीर्षक दिलं की वर्डप्रेस त्यातूनच पत्ता बनवतं आणि तो दुवा कुणाला पाठवला की टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ दिसते, कारण देवनागरीतल्या एकेका चिन्हाची तिथे नऊ अक्षरं होतात. शिवाय वर्डप्रेस हा भाग २०० अक्षरांवर कापतं, म्हणजे साधारण बावीस चिन्हांनंतरचं शीर्षक पत्त्यात येतच नाही. तेव्हा प्रत्येक लेखाचा पत्ता रोमन लिपीत, दोनतीन शब्दांचा, हाताने लिहा. तारीख पत्त्यात नको, लेखावर मात्र जरूर दाखवा. पुढे कधी पत्ता बदलावा लागलाच तर जुन्यावरून नव्यावर ३०१ रीडायरेक्ट लावा, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेला आपोआप नव्यावर जातो. ते लावायला जुनं डोमेन हातात असावं लागतं आणि माझं तेच नव्हतं. इतरांच्या लेखांतून माझ्याकडे येणारे सगळे दुवे त्या परक्या पानावर गेले. शोधात मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

तीन डिझाइनांपैकी विचाराल तर माझं मत पहिल्याला. एक रकाना, पांढरी जागा भरपूर, फोटो मोठे. तिसरंही वाईट नाही, पण त्यातली हलणारी अक्षरं काढायला सांगा. सगळ्यांना पटेलच असं नाही, दुकान मोठं असेल आणि शेकडो वस्तू असतील तर वेगळा विचार करावा लागेल.

एजन्सीला आजच मेल करा: डोमेन कुणाच्या नावाने नोंदवणार, खातं कुणाचं, नोंदीतला ईमेल कुठला आणि पानं कुठल्या एडिटरमध्ये बांधणार. फोनवर सांगितलं तर "मेलवर द्या" म्हणा. नाव आधीच घेऊन झालं असेल तर खातं आत्ताच बदलून मागा, कारण नवं नोंदवलेलं डोमेन पहिले ६० दिवस सहसा दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही, पण त्याच रजिस्ट्रारकडे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात बहुतेक ठिकाणी हलवता येतं. त्यांचं उत्तर आलं की त्यांचं नाव पुसून इथे टाका, करारातली कुठली ओळ बदलून घ्यायची ते मी वाचून सांगते.