विश्रामबागचा फ्लॅट विकू नकोस

तुझा बेत आधी ताईनं फोनवर सांगितला, मग तुझा लांबलचक मेसेजही आला. मिरजेतली नोकरी सोडून इंग्लंडात नर्स म्हणून यायचं, सांगलीतला विश्रामबागचा फ्लॅट विकून पैसे इकडं आणायचे, वर कर्ज काढून उत्तरेकडच्या एखाद्या शहरात स्वस्तातलं घर घ्यायचं आणि ते भाड्यानं द्यायचं. पाच-सहा वर्षांनी सांगलीला परतून पौंडातल्या भाड्यावर निवांत राहायचं. "मावशी, जमेल का?" असं विचारलंयस. घर घेणं जमेल गं. सांगलीत बसून ते चालवणं फार अवघड आहे, आणि त्यासाठी हातातला फ्लॅट विकणं मला अजिबात पटत नाही.

आधी हिशोब बघ. समज, दीड लाख पौंडांचं घर घेतलंस. भाड्यानं द्यायच्या घरासाठी बँका साधारण २५ टक्के रक्कम आपल्याकडून मागतात, म्हणजे साडेसदतीस हजार. स्टॅम्प ड्युटी एरवी ५०० पौंड होईल. पण नावावर दुसरं घर असलं की ५ टक्के जादा लागतात, आणि हे दुसरं घर जगात कुठंही असलं तरी धरतात. तुझ्या फ्लॅटची किंमत ४० हजार पौंडांच्या वर भरली तर तो मोजला जाणार. म्हणजे एकूण ८ हजार. यावर कुणीतरी तुला सांगेल की म्हणूनच फ्लॅट विकून टाक. तसं करू नकोस. पहिलं घर घेणाऱ्याची सवलत तर फ्लॅट विकलास तरी तुला मिळणार नाहीच, कारण ज्यानं कुठंही कधी घर घेतलं असेल त्याला ती मिळत नाही, आणि ती स्वतः राहायच्या घरालाच असते.

आता भाडं महिना ८०० धर, वर्षाचे ९,६००. सव्वा लाखाच्या आतलं कर्ज, १,१२,५०० पौंड, त्यावर ५ टक्क्यांनी नुसतं व्याजच ५,६२५. एजंट करासकट १२ टक्के घेतो असं धर, ते १,१५२. विमा, गॅसचा दाखला, किरकोळ दुरुस्ती मिळून १,२००. वर्षात एक महिना घर रिकामं राहिलं, ते ८००. उरले ८२३ पौंड. फ्लॅट ठेवून घर घेतलंस तर सुरुवातीची रक्कम आणि स्टॅम्प ड्युटी मिळून घातलेल्या साडेपंचेचाळीस हजारांवर हे दोन टक्केही होत नाहीत, आणि मुद्दल तसंच डोक्यावर. घराची किंमत वाढेल हे खरं, पण ती हातात येते विकल्यावर. दर महिन्याला सांगलीत घरखर्च चालवायला ती उपयोगाची नाही.

आणि हा कराच्या आधीचा आकडा आहे. इथं कर्जाचं व्याज भाड्यातून थेट वजा होत नाही. त्याच्या २० टक्के एवढीच करात सूट मिळते. तू भारतात राहायला गेलीस की एजंट भाड्यातून २० टक्के कर कापून सरकारला भरणार. कापू नये म्हणून आधी अर्ज करून मंजुरी घ्यावी लागते. भारतातही ते भाडं रिटर्नमध्ये दाखवायचं, इथं भरलेल्या कराची वजावट मिळते. परदेशातली मालमत्ता वेगळ्या तक्त्यात दाखवायची राहून गेली तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या कामाला दोन्हीकडचे सीए लागतात, त्यांची फी वेगळी.

भाडेकरूचे नियमही नीट समजून घे. २०२५ च्या कायद्यानं १ मे २०२६ पासून इंग्लंडात कारण न देता घर खाली करून घ्यायची नोटीस बंद. ठरावीक मुदतीचे करारही गेले. स्वतः राहायला किंवा विकायला घर हवं असेल तर पहिलं वर्षभर ते खाली करून घेता येत नाही, आणि चार महिन्यांची नोटीस द्यावी लागते. अनामत पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि तीही ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत जमा करायची. गॅसची तपासणी दरवर्षी, वायरिंगची पाच वर्षांनी. हे नियम मला योग्यच वाटतात, भाडेकरूही माणूस आहे. पण हे सगळं वेळेवर करणारं कुणीतरी जागेवर लागतं.

मी सारखं जागेवरच्या माणसाबद्दल का बोलते ते तुला माहीत आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. ४५ ही धोक्याची पातळी. गावभागातलं आपलं घर तळमजल्याचं, भाडेकरू आधीच पाहुण्यांकडं गेलेले. पाणी ओसरल्यावर तुझ्या मामानं दार उघडलं तर घोट्याच्या वर चिखल, खिडकीच्याही वर भिंतीवर गाळाची रेघ, फ्रीज आडवा पडलेला, मीटरच्या पेटीत गाळ बसलेला. फावडं, खराटा, वायरमन, पंचनाम्याला आलेले लोक, सगळं त्यानं बघितलं. मी इथून, लेस्टरहून, नुसती फोनवर विचारत होते. तो नसता तर ते घर तसंच कुजलं असतं.

इथं आमचं एक लहान घर भाड्यानं दिलंय. आम्ही मिरजेला लग्नाला आलो असताना ऐन डिसेंबरात तिथला घर आणि पाणी गरम करणारा बॉयलर बंद पडला. भाडेकरूच्या घरात तान्हं बाळ. एजंटानं कारागीर पाठवला, सुट्टीच्या दिवसाचे जादा पैसे, सुटा भाग, वर एजंटाचं शुल्क. त्या महिन्याचं भाडं त्यातच गेलं. आम्ही परत येऊन तो बॉयलर डोळ्यांनी बघू शकलो. तू सांगलीत असशील तेव्हा बिलावर लिहिलंय ते खरं मानण्यापलीकडं तुझ्या हातात काही नसेल.

म्हणून माझं सांगणं असं, आधी विश्रामबागचाच फ्लॅट भाड्यानं दे. तिथं मामा आहे, तुझे बाबा आहेत, वालचंद कॉलेज जवळ, मिरजेचे डॉक्टर, बँकेतली बदलीची माणसं, भाडेकरू मिळतात. महापुरातही तुमच्या इमारतीपर्यंत पाणी आलं नव्हतं. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदणीकृतच कर. अकरा महिन्यांचा आहे, नोटरी करून चालतंय, असं कुणी म्हटलं तर ऐकू नकोस. महाराष्ट्रात नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे आणि ती टाळली तर शिक्षेची तरतूद आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांकडं दे.

तू अनिवासी झालीस की तुझं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं रुपयातलं खातं, करून घ्यायचं आणि भाडं त्यातच घ्यायचं. भाडेकरूला भाड्यातून ३१.२ टक्के टीडीएस कापावा लागेल, भाडं कितीही कमी असलं तरी. हे त्याला आधीच सांग, पुष्कळांना ठाऊक नसतं आणि मग वाद होतात. घरपट्टी वजा करून उरलेल्या भाड्यावर ३० टक्के वजावट मिळते, त्यामुळं रिटर्न भरलंस की बराचसा कर परत येतो. शेतजमीन घ्यायचं जावयांच्या मनात आहे म्हणे. अनिवासी झाल्यावर ती विकत घेता येत नाही, वडिलोपार्जित असेल ती मात्र राहते.

इथं आल्यावर दोन वर्षं भाड्यानं राहा. त्यानंतर घ्यायचंच तर स्वतः राहायला घर घे, हॉस्पिटलपासून बसनं जाता येईल असं. परत जायची वेळ आली की ते भाड्यानं द्यायचं का विकायचं हे तेव्हा बघू. भाड्यानं देताना बँकेची परवानगी लागेल, आणि मी इथं असेन तोवर त्या घराकडं लक्ष द्यायची जबाबदारी माझी.

बाबांच्या नावाचं कुलमुखत्यारपत्र निघायच्या आधीच सांगलीत करून घे. इकडून करायचं म्हणजे भारताच्या वकिलातीत खेटे, आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरायचा. त्यात फक्त भाड्याचे, सोसायटीचे आणि वीजबिलाचे अधिकार लिही, विक्रीचा अधिकार देऊ नकोस. मसुदा झाला की मला पाठव, मी वाचून बघते.