पहिलीच्या प्रवेशाचा अर्ज: कागद आधी, अर्ज नंतर

शिक्षण हक्क कायद्याखालील खासगी शाळांतील 25 टक्के राखीव जागांच्या, म्हणजेच आरटीईच्या, अर्जांची पडताळणी करणाऱ्या समितीवर मी अनेक वर्षे काम केले. वाचकांची पत्रे वाचताना जाणवते की समितीच्या टेबलासमोर जो गोंधळ मी पाहत असे, तोच आजही पत्रांतून येत आहे. म्हणून निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न: माझ्या मुलीचा जन्म 9 जानेवारी 2021 चा आहे. जून 2026 मध्ये तिला पहिलीत घालता येईल का?

नाही. महाराष्ट्रात पहिलीसाठी त्या शैक्षणिक वर्षाच्या 31 डिसेंबरला सहा वर्षे पूर्ण असावी लागतात आणि आपल्या मुलीला त्यासाठी नऊ दिवस कमी पडतात. केंद्रीय विद्यालयात तर हीच अट 31 मार्चला पूर्ण व्हावी लागते. जन्मतारीख 'थोडी मागे घेऊन देणारा' कोणी भेटला असेल तर त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नका. ती तारीख मुलीला दहावीच्या प्रमाणपत्रापासून पारपत्रापर्यंत जन्मभर वागवायची आहे.

प्रश्न: आम्ही इतर मागास वर्गात मोडतो. आरटीईच्या अर्जासाठी उत्पन्नाचा दाखला लागेल का?

लागत नाही. इतर मागास वर्ग आरटीईत 'वंचित घटका'त मोडतो आणि वंचित घटकाला जातीचे प्रमाणपत्र पुरते. मात्र ते महाराष्ट्रातील सक्षम अधिकाऱ्याचे हवे, परराज्यातील चालत नाही. एक लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नाचा दाखला खुल्या प्रवर्गातील दुर्बल घटकांसाठी आहे.

प्रश्न: घराजवळ सरकारी शाळा असेल तर खासगी शाळेत आरटीईचा प्रवेश मिळत नाही, असे शेजारी सांगतात. हे खरे आहे का?

आपल्या शेजाऱ्यांनी अर्धीच बातमी ऐकली आहे. सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असलेल्या खासगी शाळांना सूट देणारी अधिसूचना 9 फेब्रुवारी 2024 रोजी निघाली होती. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात तिला स्थगिती दिली आणि 19 जुलै 2024 रोजी ती रद्दच केली. त्या वर्षी या ओढाताणीत प्रवेश फार लांबले आणि पुष्कळ पालकांनी कंटाळून अर्जच भरले नाहीत, याचे मला आजही वाईट वाटते. अल्पसंख्याक शाळा मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालामुळे या तरतुदीबाहेर आहेत. आपल्या मनातील शाळा त्या वर्षीच्या यादीत आहे की नाही, ते गटशिक्षणाधिकारी कार्यालयात विचारून घ्या.

प्रश्न: आम्ही गेली चार वर्षे भाड्याने राहतो, पण करार नोंदवलेला नाही. अर्ज भरून देणारे गृहस्थ म्हणतात की नंबर लागल्यावर करार करू, आणि नकाशावर घर शाळेच्या जवळ दाखवू. असे करावे का?

मुळीच करू नये. या प्रश्नाचे उत्तर मी सविस्तर देणार आहे, कारण माझ्या अनुभवात सर्वाधिक प्रवेश येथेच बुडाले.

अर्ज भरताना कागदपत्रे जोडावी लागत नाहीत, फक्त माहिती भरायची असते. सोडतीत नाव आले की मग मूळ कागद पडताळणी समितीपुढे ठेवायचे असतात. यामुळे पालकांचा समज होतो की कागद जमवायला पुढे वेळ आहे. तसा तो नसतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, भाडेकरार या सर्वांवरील तारीख अर्ज भरण्याच्या आधीची असावी लागते. भाडेकरार दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेला आणि किमान अकरा महिन्यांचा लागतो. मुद्रांकावर लिहून नोटरीचा शिक्का मारलेला कागद नोंदणीकृत ठरत नाही.

एका मातेने माझ्यासमोर प्लास्टिकच्या पिशवीतून एकेक कागद काढून नीट ओळीने मांडला होता. जन्मदाखला होता, शिधापत्रिका होती, मुलाची छायाचित्रेही होती. उत्पन्नाच्या दाखल्यावर मात्र अर्ज भरल्यानंतर सहाव्या दिवसाची तारीख होती. दाखला खरा होता, उत्पन्नही खरेच एक लाखाच्या आत होते, तरीही तो प्रवेश आम्हाला देता आला नाही. "साहेब, त्यांनी सांगितलं होतं, मागाहून चालेल," एवढेच त्या म्हणाल्या. सांगणारा पैसे घेऊन केव्हाच निघून गेला होता.

नकाशाचे तर याहून वाईट आहे. अर्जात घराचे ठिकाण दाखवण्यासाठी नकाशावर तांबडा फुगा ठेवायचा असतो आणि शाळेपासूनचे अंतर त्यावरूनच मोजले जाते. जवळच्या घरांना प्राधान्य मिळत असल्याने दलाल तो फुगा शाळेच्या दिशेने सरकवतात. पत्ता एका गल्लीतला आणि फुगा दोन किलोमीटर पलीकडच्या मैदानात, असे अर्ज मी स्वतः हाताळले आहेत. खोटे पडताळणीत उघडे पडले की प्रवेश रद्द होतो, आणि करारातल्या पत्त्यावर कुटुंब राहतच नसल्याचे आढळले तर फौजदारी गुन्ह्याला सामोरे जावे लागते. दलालाचे नाव अर्जावर कोठेही नसते, सही पालकांची असते. शिवाय सोडत संगणकावर निघते. त्यात 'नंबर लावून देतो' म्हणणारा माणूस काहीही लावून देऊ शकत नाही. लागला तर श्रेय त्याचे, न लागला तर नशीब तुमचे, असा हा धंदा आहे.

तेव्हा आपण घरमालकांशी बोलून या महिन्यातच करार नोंदवून घ्या. जातीच्या किंवा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात दिवाळीनंतर लगेच अर्ज करा, कारण 2025-26 चे आरटीईचे अर्ज जानेवारी 2025 मध्येच सुरू झाले होते आणि तेव्हा धावपळ करणाऱ्यांचे दाखले वेळेत हाती पडले नाहीत. अर्ज स्वतः भरता येत नसेल तर शासनाच्या मदत केंद्रावर जा. तेथे पैसे पडत नाहीत. दहापर्यंत शाळा निवडता येतात, त्यामुळे एकाच नामांकित शाळेचा आग्रह धरू नका. एकाच मुलाचे दोन अर्ज तर कधीही भरू नका, त्याने दोन्ही बाद होतात.

प्रश्न: सोडतीत मुलाचे नाव आले होते, परंतु मोबाईलवर संदेश आला नाही आणि आम्ही गावी होतो. आता काय करावे?

मुदत संपली असेल तर त्या फेरीतील जागा प्रतीक्षा यादीतील मुलाकडे जाते आणि पुढील फेरीत आपला विचार होत नाही. संदेशावर विसंबून राहू नका, अर्ज क्रमांक टाकून संकेतस्थळावर स्थिती पाहत राहा, असे दरवर्षी लिहून सांगितले जाते. तरीही मुदत वाढवली गेली आहे का, ते आजच्या आज गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाऊन विचारा. उद्यावर ढकलू नका.

प्रश्न: एका खासगी शाळेने पाच वर्षांच्या मुलाची लेखी चाचणी घेतली, आमच्या पदव्या विचारल्या आणि 'विकास निधी' मागितला. हे नियमात बसते का?

बसत नाही. कायद्याच्या कलम 13 नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावण्यास मनाई आहे. पहिल्या वेळी 25 हजार आणि त्यानंतर प्रत्येक वेळी 50 हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. देणगी घेतल्यास त्या रकमेच्या दहा पटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. मागणी लेखी मिळवा, पैसे दिले असतील तर पावती जपा आणि तक्रार शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखीच करा, पोच घेऊन. तोंडी तक्रारीचे पुढे काहीच होत नाही.

प्रश्न: माझी बदली जुलैमध्ये झाली. जुन्या शाळेचा दाखला हाती नाही म्हणून येथील जिल्हा परिषद शाळा मुलाला दुसरीत बसवून घेत नाही.

त्यांना नकार देता येत नाही. दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून प्रवेश अडवू नये, असे कलम 5 सांगते, आणि वर्ष सुरू झाले म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही, असे कलम 15 सांगते. जन्मदाखला नसला तरी प्रवेश थांबत नाही. त्याऐवजी रुग्णालयाची नोंद, अंगणवाडीची नोंद किंवा पालकांचे प्रतिज्ञापन चालते. मुख्याध्यापकांना ही कलमे लिहून अर्ज द्या, प्रत केंद्रप्रमुखांना द्या आणि मुलाला उद्यापासून वर्गात बसवण्याची विनंती करा. जुन्या शाळेकडे दाखल्याची मागणीही त्याच दिवशी टपालाने पाठवा.