वाळवंटातली रेघ, विहिरी आणि धाडी: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

नज्द (म्हणजे आजच्या सौदीचा मधला भाग), इराक, कुवेत आणि ट्रान्सजॉर्डन (आजचा जॉर्डन) यांच्यात १९२० ते १९३० या दहा वर्षांत सीमांच्या ज्या वाटाघाटी झाल्या त्यावर मला सतत प्रश्न येतात आणि दहातले आठ तेच ते असतात. प्रत्येकाला वेगळं लिहिणं आता शक्य नाही, म्हणून एकदाच सगळं इथे लिहितेय.

पर्सी कॉक्सने (इराकमधला ब्रिटिश हाय कमिशनर) लाल पेन्सिलने पाच मिनिटांत सौदी, इराक आणि कुवेतची सीमा आखून टाकली असा फॉरवर्ड फिरतोय. खरं आहे का?

अर्धवट खरं आहे, आणि अर्धवट खरंच जास्त पसरतं. उकैर हे आखाताच्या किनाऱ्यावरचं छोटंसं बंदर, तिथे तंबू ठोकून नोव्हेंबर १९२२च्या अखेरीस बैठक बसली आणि २ डिसेंबरला सह्या झाल्या. लाल पेन्सिलीचा आणि कॉक्सने नज्दचा सुलतान इब्न सौद याला शाळेतल्या पोरासारखं झापल्याचा किस्सा मेजर डिक्सन या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या आठवणींतून आलाय. डिक्सन तिथे हजर होता हे खरं, पण त्या आठवणी छापून आल्या १९५६ साली, तीस वर्षांहून जास्त काळ गेल्यावर. आणि त्याच्याच सांगण्यानुसार पेन्सिल बाहेर निघाली ती सहाव्या दिवशी, म्हणजे आधीचे पाच दिवस घासाघीसच चालली होती.

त्याच्याही आधी, ५ मे १९२२ला, नज्द आणि इराकमध्ये मोहम्मराचा तह झाला होता. त्यात जमिनीच्या आधी जमाती वाटल्या होत्या, मुंतफिक, धफीर आणि अमारात इराककडे, शम्मर नज्दकडे. तो तह इब्न सौदने मान्य केला नाही. त्याचं म्हणणं सरळ होतं की बदूंची, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरब जमातींची, हद्द त्यांच्या चराईवरून आणि विहिरींवरून ठरते, कागदावरच्या रेघेवरून नाही. कॉक्सला मात्र रेघच हवी होती. सहा महिने चाललेलं हे भांडण पाच मिनिटांच्या फॉरवर्डमध्ये कुठे बसणार?

मला खरी चीड येते ती कुवेतच्या बाबतीत. कुवेतचा शासक शेख अहमद उकैरला नव्हताच. त्याच्या वतीने सही केली ब्रिटिश पोलिटिकल एजंट मेजर मोरने, आणि डिक्सनच्या हिशोबाने कुवेत आपला मानत होता त्यातला जवळजवळ दोन तृतीयांश मुलूख गेला. फॉरवर्ड करायच्या आधी तहाचा मजकूर वाचा. कतार डिजिटल लायब्ररीवर त्या काळचे ब्रिटिश कागद फुकट बघता येतात. समजलं नाही तर अभिलेखागारातल्या माणसाला विचारा, त्याला अशा प्रश्नांचा कंटाळा येत नाही.

जॉर्डनच्या सीमेचं ते टोकदार कोपर चर्चिलला जेवणानंतर उचकी लागल्यामुळे आलं म्हणे?

नाही. ती रेघ २ नोव्हेंबर १९२५च्या नज्द आणि ट्रान्सजॉर्डनमधल्या हद्दा करारात ठरली, वाटाघाटी केल्या ब्रिटिश दूत गिल्बर्ट क्लेटनने, आणि चर्चिल तेव्हा ब्रिटनचं अर्थखातं बघत होता.

इख्वान म्हणजे इजिप्तची मुस्लिम ब्रदरहूडच ना?

नाही. ती १९२८ साली निघाली, नज्दचे इख्वान, म्हणजे इब्न सौदसाठी लढणाऱ्या बदूंची कट्टर धार्मिक फौज, तिच्या कितीतरी आधीचे. फक्त शब्द एक आहे.

बदूंच्या धाडी म्हणजे आपल्याकडच्या पेंढाऱ्यांसारखंच का?

ही तुलना नको. जुन्या पद्धतीची धाड, म्हणजे गझू, ही मुख्यतः उंटांसाठी असायची आणि तिला रीतभात होती, बायकांना हात लावायचा नाही, माणूस विनाकारण मारायचा नाही, कारण आज तुम्ही नेलेले उंट उद्या आम्ही परत आणणार हे दोघांनाही माहीत असायचं. दुबळ्या जमाती बलवान जमातीला खुवा देत, म्हणजे त्रास होऊ नये म्हणून ठरलेलं देणं. चौथाई माहीत असलेल्या माणसाला ते पटकन कळेल, पण तुलना तिथेच थांबवा. इख्वानांच्या धाडी वेगळ्या होत्या. त्या धर्माच्या नावाने होत्या आणि त्यात हाती लागलेल्या पुरुषांना मारून टाकत, म्हणून दक्षिण इराकच्या मेंढपाळांत इतकी दहशत बसली. तुम्ही कुवेतला राहत असाल तर जहराचा लाल किल्ला बघून या, इख्वान आणि कुवेतमधली १० ऑक्टोबर १९२०ची लढाई तिथेच झाली.

मी इतिहासात एम.ए. करतोय. १९२२ला तह झाला, १९२५ला नज्द आणि इराकमध्ये बहरा करार झाला, तरी नोव्हेंबर १९२७मध्ये इख्वानांनी इराकमधल्या बुसैयाच्या चौकीवर हल्ला का केला? सर म्हणतात "कट्टरपणा" एवढं लिहिलं तरी पुरे.

पुरे नाही. तुमच्या सरांबद्दल आदर ठेवूनच सांगते, या एका शब्दामुळे पिढ्यान्पिढ्या मुलं हा विषय न समजता पास होतायत.

उकैरच्या मजकुरात कलम २ आणि कलम ३ आहेत, ती आधी वाचा. कलम २ म्हणतं की बऱ्याच विहिरी इराकच्या हद्दीत गेल्या आहेत, त्यामुळे सीमेजवळच्या नज्दी जमातींना पाण्यासाठी तिथे यावं लागलं तर इराकने अडवायचं नाही, अट एवढीच की ती विहीर त्यांना नज्दमधल्या विहिरीपेक्षा जवळ असली पाहिजे. कलम ३ म्हणतं की सीमेच्या जवळपासच्या पाणवठ्यांवर दोन्ही सरकारांनी किल्ले बांधायचे नाहीत, सैन्य गोळा करायचं नाही. आता हा "जवळपास" किती? दहा मैल? शंभर? तहात आकडाच नाही!

सप्टेंबर १९२७मध्ये इराकने बुसैयाच्या विहिरींवर पोलीस चौकी बांधायला घेतली, सीमेपासून साधारण सत्तर-पाऊणशे मैल आत. बगदाद आणि ब्रिटिश म्हणाले, एवढ्या आतल्या जागेला जवळपास कोण म्हणेल? पण उंटावरच्या माणसासाठी ते अंतर दोन-तीन दिवसांचं. पावसाळी महिन्यांत हिरवा चारा मिळाला की उंट कित्येक आठवडे पाण्याशिवाय निभावतो, जमात कुठेही पसरते, पण उन्हाळा लागला की सगळ्यांना विहिरीवरच यावं लागतं, तिथेच तळ पडतो, आणि त्या विहिरीवर दुसऱ्या कुणाची भिंत उभी राहिली तर त्या जमातीचा पुढचा उन्हाळा त्या भिंतीतल्या माणसांच्या मर्जीवर गेला. ५ नोव्हेंबरच्या रात्री इख्वानांतल्या मुतैर जमातीचे लोक आले आणि बांधकामावरचे मजूर आणि पोलीस जवळजवळ सगळे मारले गेले. हे निर्घृण होतं, मी त्याचं समर्थन करत नाही. त्या मजुरांचा काय दोष होता? पण कारण विचारलंत तर तहातला "जवळपास" हा मोघम शब्द कारणांत आलाच पाहिजे.

आणि धर्म नव्हता असंही मी म्हणत नाही. मुतैरचा प्रमुख फैसल अद्-दुवैश इब्न सौदवरही नाराज होता, ब्रिटिशांशी केलेले तह त्याला मान्य नव्हते. पण बघा, इब्न सौद स्वतः, ज्याला इख्वान आवरायचे होते, त्यानेही चौकीविरुद्ध कलम ३च पुढे केलं. ब्रिटिश विमानांनी नज्दच्या हद्दीत शिरून बॉम्ब टाकले, १९२८ साली क्लेटन दोनदा जेद्दाला गेला, आणि दोन्ही वेळा बोलणी अडली ती याच चौक्यांवर. एवढा वेळ गेला, आणि तो वेळ माणसांच्या जिवावर गेला. शेवटी मार्च १९२९मध्ये सबिलाच्या लढाईत इब्न सौदने आपल्याच इख्वानांना मोडलं, जानेवारी १९३०मध्ये दुवैश कुवेतच्या हद्दीत ब्रिटिशांच्या हाती आला, त्यांनी तो इब्न सौदच्या ताब्यात दिला, आणि फेब्रुवारीत लुपिन या ब्रिटिश जहाजावर इब्न सौद आणि इराकचा राजा फैसल समोरासमोर बसले.

बहरा करारही वाचाच. त्यात धाडीची जबाबदारी त्या जमातीच्या प्रमुखावर टाकली, नुकसान ठरवायला दोन्ही बाजूंचं न्यायमंडळ ठेवलं, सीमा ओलांडायला परवाना लावला, आणि त्याच दमात लिहिलं की चराईसाठी जाणाऱ्याला परवाना नाकारता येणार नाही. प्रबंधात हे लिहिताना इंग्रजी आणि अरबी दोन्ही पाठ समोर ठेवा, अरबी येत नसेल तर जाणकाराकडे बसून शब्द न् शब्द तपासून घ्या. एकट्याने अंदाज बांधू नका.

ऑनलाइन एक विक्रेता "उकैरचा ओरिजिनल १९२२चा नकाशा, लाल रेघेसह" १८ हजारांना देतोय. घेऊ का?

पैसे पाठवू नका. "फक्त दोन दिवस ऑफर" असं लिहून घाई करायला लावतायत तिथेच शंका यायला हवी. जुना कागद चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा करणं ही फार जुनी युक्ती आहे. भिंगाखाली बघितलं की छपाईचे रंगीत ठिपके दिसतात, म्हणजे आजच्या मशीनवरची प्रत. लाल रेघ तर कुणीही ओढू शकतं. अजून एक गोष्ट बघा. हद्दा करारातला नकाशा दहा लाखाला एक या प्रमाणाचा होता, म्हणजे १ मिलिमीटर म्हणजे १ किलोमीटर, आणि पेन्सिलीची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर अर्धा किलोमीटर रुंद होते. फोटोतली रेघ स्केचपेनएवढी जाड आहे. कागदतज्ज्ञाला प्रत्यक्ष दाखवल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

आमचे पणजोबा साताऱ्याचे, मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) होते. त्यांच्या ट्रंकेत पत्रं आणि एक नकाशा आहे. घरात सांगतात की ते सीमा आखायला होते. लॅमिनेट करून फ्रेम करू का?

लॅमिनेट अजिबात करू नका! सेलोटेपही नको. ते प्लास्टिक आणि तो गोंद पुन्हा निघत नाही, कागद आतल्या आत संपतो.

सीमा आखल्याची गोष्ट मला अवघड वाटते. मराठा पलटणी तिथे लढल्या त्या पहिल्या महायुद्धात, १०३, ११० आणि ११७ नंबरच्या तर इराकमधल्या कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात होत्या, आणि तो वेढा १९१६ला संपला. उकैर त्यानंतर सहा वर्षांनी. म्हणजे नकाशा बहुतेक युद्धातला असेल, आणि त्याने त्याची किंमत काही कमी होत नाही, उलट कुतमधून एखादं पत्र आलं असेल तर ते सोन्यासारखं आहे. ट्रंक जमिनीवरून उचला, पावसाळ्याआधी कसर लागलीय का बघा, पत्रांचे सरळ वरून फोटो काढा आणि कागदांचं जतन करणाऱ्या माणसाला दाखवा. पलटण नंबर आणि शिपाई नंबर सापडला तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री सेंटरला लिहून विचारा. "दिवाळीनंतर बघू" म्हणणाऱ्या दोन घरांतले कागद गेलेले मी पाहिलेत. या रविवारीच ट्रंक उघडा.

कुवेतमध्ये वफ्राला साइटवर काम करतो. इथे लोक अजून "न्यूट्रल झोन" म्हणतात. तो आहे का अजून?

उकैरला सौदी आणि कुवेत दोघांचा म्हणून ठेवलेला तो पट्टा. त्याची जमीन १९६०च्या दशकातच वाटली गेली, तेल मात्र अजून निम्मं-निम्मं आहे, म्हणून नाव टिकलंय. इराक-सौदीमधला पतंगाच्या आकाराचा दुसरा पट्टा १९८१च्या करारात वाटला. तुमच्या कामाच्या कराराला कुठला कायदा लागतो ते मला विचारू नका, तिथल्या वकिलाला कागद दाखवा, आणि सही करायच्या आधी दाखवा.