उसात मधेमधे चट्टे पडलेत? नमुने आधी वेगळे घ्या

हिरव्यागार उसाला लागूनच खुरटलेला चट्टा असेल, तर तो जमिनीतल्या क्षारामुळे असू शकतो. तपासायला सगळ्या रानाची माती कालवून एकच नमुना देऊ नका. सरासरी आकडा चांगला येतो आणि चट्टा तसाच राहतो. चट्ट्यातली आणि चांगल्या जागेतली माती वेगवेगळी घ्या. 0-15, 15-30, 30-60 सेंमी असे थरही वेगळे ठेवा. संपृक्त अर्काची (पाण्याने पुरत्या भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) विद्युत वाहकता, म्हणजे क्षाराचं माप, 4 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त धरतात, पण ऊस साधारण 1.7 पासूनच मार खातो. 1:2.5 पद्धतीने (एक भाग माती, अडीच भाग पाणी) तपासलं असेल तर आकडा कमी दिसतो, तो याच्याशी ताडू नका.

क्षारामुळे ओल असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही. मग पानांची छिद्रं मिटतात, कार्बन डायऑक्साइड आत जात नाही, प्रकाशसंश्लेषण मंदावतं. पुढे सोडियम-क्लोराइड जुन्या पानांत साठून शेंडे, कडा करपतात. नत्र कमी पडलं समजून तिथे जास्तीचा युरिया टाकू नका.

जिप्सम चोपण (सोडियम जास्त असलेल्या) जमिनीसाठी. नुसत्या क्षारयुक्त जमिनीला आधी निचरा हवा. चर न काढता पाणी वाढवलंत तर भूजल वर येऊन चट्टा पसरतो. ठिबकाखाली ओलाव्याच्या कडेला पांढरा क्षार साचतो. हलक्या पावसात ठिबक चालूच ठेवा, नाहीतर तो क्षार थेट मुळांपाशी उतरतो.