डीप फ्रीझरला वाढीव वॉरंटी घ्यावी का?

प्रश्न : आमचं तालुक्याच्या गावी दूध-आइस्क्रीमचं दुकान आहे. ४०० लिटरचा डीप फ्रीझर ३२,००० रुपयांना घेतोय. कंपनीची वॉरंटी एक वर्षाची. पुढच्या दोन वर्षांसाठी दुकानदार ४,२०० रुपये मागतोय. द्यावेत का?

उत्तर : आधी वॉरंटी कार्डावरची कॉम्प्रेसरची ओळ वाचा. बऱ्याच कंपन्या पूर्ण मशीनला एक वर्ष आणि कॉम्प्रेसरला वेगळी, जास्त वर्षांची वॉरंटी देतात. तशी असेल तर या ४,२०० रुपयांत मुख्यतः थर्मोस्टॅट, रिले, फॅन मोटर एवढंच पदरात पडतं. ती कामं गावातला मेकॅनिक बऱ्याच कमी पैशांत करून देतो.

मेख पुढे आहे. कॉम्प्रेसर फुकट बदलून मिळाला, तरी गॅस, फिल्टर आणि मजुरीचं बिल अनेकदा गिऱ्हाइकाच्याच माथी येतं. म्हणून वाढीव वॉरंटीच्या कागदावर ‘गॅस चार्जिंग’ आणि ‘मजुरी’ हे शब्द शोधा. शिवाय शोरूममध्ये मिळणाऱ्या कित्येक योजना फक्त घरगुती वापरासाठी असतात. बिल दुकानाच्या नावावर असेल तर दावा तिथेच फेटाळला जातो. ‘व्यावसायिक वापर चालेल’ हे लेखी घ्या, सेल्समनच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

कार्डावर कॉम्प्रेसरला एकच वर्ष असेल आणि गॅस चार्जिंग, मजुरी आणि व्यावसायिक वापर या तिन्ही गोष्टी लेखी मिळत असतील, तर जरूर घ्या. नाहीतर तेच पैसे चांगल्या स्टॅबिलायझरवर घाला. वीज जाऊन लगेच आली की आतल्या गॅसचा दाब उतरलेला नसतो. कॉम्प्रेसर त्या दाबाविरुद्ध सुरू व्हायला बघतो, जास्त करंट ओढतो आणि तापतो. हे वारंवार झालं, त्यात व्होल्टेज कमी असलं, की वाइंडिंग (कॉम्प्रेसरच्या मोटरमधली तारेची गुंडाळी) जळतं. तीन मिनिटांचा टाइम डिले असलेला, म्हणजे वीज आल्यावर तीन मिनिटं थांबून मशीन चालू करणारा स्टॅबिलायझर हे टाळतो. आणि विजेच्या चढउतारामुळे झालेलं नुकसान बहुतेक वॉरंट्यांत बसतच नाही!

तसंच बर्फ खरवडण्याचं. आडव्या फ्रीझरची कॉइल आतल्या पत्र्याला लागूनच असते. स्क्रूड्रायव्हर घुसला की गॅस गेला, आणि ते ‘ग्राहकाकडून झालेलं नुकसान’ ठरतं. मशीन बंद करा, झाकण उघडं ठेवा, बर्फ आपोआप सुटू द्या. फार तर प्लॅस्टिकचा उलथना वापरा.

वितळलेल्या आइस्क्रीमची भरपाई सहसा कोणतीच वॉरंटी देत नाही. तेव्हा एका मोठ्या फ्रीझरऐवजी २०० लिटरचे दोन बसतात का पाहा. एक बंद पडला तर निम्मा माल तरी वाचतो.

जीएसटीच्या नियमित योजनेत असाल तर वॉरंटीवरच्या १८ टक्के कराचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो तुमच्या भरायच्या करातून वजा होतो; कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यापाऱ्यांच्या ठरावीक दराच्या योजनेत) नाही.

प्रश्न : दुकानासाठी घेतलेल्या मशीनची तक्रार ग्राहक आयोगात चालते का?

उत्तर : स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी मशीन घेतलं असेल तर चालते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये तशी स्पष्ट तरतूद आहे. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करा. सुरुवात १९१५ या हेल्पलाइनवरून करता येते. बिल, वॉरंटी कार्ड आणि मेकॅनिकचं प्रत्येक जॉबशीट जपून ठेवा. थर्मल कागदावरचं बिल पुसट होतं, त्याचा मोबाइलवर फोटो आजच काढा.