लेप्टिन या हार्मोनमुळे भूक कमी होते, तर मग लठ्ठ माणसांना लेप्टिनची इंजेक्शनं का देत नाहीत?

कारण बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन आधीच भरपूर असतं. चरबीच्या पेशीच ते बनवतात; चरबी जास्त, तर लेप्टिन जास्त. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागातल्या रिसेप्टरला (पेशीवरच्या, निरोप टिपणाऱ्या प्रथिनाला) ते चिकटलं की भूक वाढवणाऱ्या चेतापेशी मंदावतात आणि भूक शमवणाऱ्या कामाला लागतात. लठ्ठपणात मेंदू या निरोपाला नीट दाद देत नाही. वरून आणखी लेप्टिन ओतून फारसा फरक पडत नाही.

अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत डग्लस कोलमन यांनी दोन वेगळ्या जातींच्या लठ्ठ उंदरांचं रक्ताभिसरण एकमेकांना जोडलं होतं (प्रयोग क्रूरच म्हणायचा). एकाने खाणं सोडलं आणि तो उपाशी मेला. दुसरा लठ्ठच राहिला. पहिल्यात हार्मोनच बनत नव्हतं. दुसऱ्यात ते उदंड होतं, पण रिसेप्टर बिघडलेला; तेच हार्मोन रक्तातून पहिल्याला मिळालं. हार्मोनचं जनुक जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला १९९४ मध्ये सापडलं, रिसेप्टरचं दुसऱ्या एका गटाला १९९५ मध्ये.

माझ्या मते लेप्टिनचं मुख्य काम उपासमारीची वर्दी देणं हेच असावं. कडक डाएट केलं की ते झपाट्याने घसरतं, भूक खवळते, शरीर ऊर्जा जपून वापरू लागतं. जन्मतःच लेप्टिन न बनणारी माणसं फार विरळा, त्यांना मात्र इंजेक्शनचा चांगला गुण येतो.